कॅल्शियम जास्त आणि 'ड' कमी: गोळी घ्यायची की नाही?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली: गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी, त्यांचं पीटीएच हे हार्मोन आणि रक्तातलं 'ड' जीवनसत्त्व. पहिल्या पत्राला मी बरीच जास्त जागा देते आहे. तीच शंका मी दवाखान्यात सारखी ऐकते, आणि तिचं उत्तर चुकलं तर पेशंटचं दोन्हीकडून नुकसान होतं.

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी ५६ वर्षांची आहे, वाई तालुक्यात राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, मागच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. दीड-दोन वर्षांपासून मांड्या आणि कंबर ठणकते. खाली बसले की उठताना हाताचा टेकू लागतो, एसटीची पायरी चढताना मागून कुणीतरी आधार द्यावा लागतो. दोनदा मुतखड्याचा त्रास झाला. सगळे म्हणाले, पाळी गेली, वय झालं, असं होणारच. शेवटी रक्त तपासलं. कॅल्शियम ११.३ (लॅबची वरची मर्यादा १०.२), पीटीएच २१२ (१५ ते ६५), व्हिटॅमिन डी ८.६. मानेच्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूला खाली पॅराथायरॉइडची गाठ दिसली. सर्जननी ऑपरेशन सांगितलंय. गावच्या डॉक्टरांनी डीची ६० हजार युनिटची पावडर आठवड्याला एक, अशी आठ पाकिटं लिहून दिली. भाचा फार्मसी शिकतो. तो म्हणतो, "मावशी, तुझं कॅल्शियम आधीच वाढलंय, डी घेतलंस तर आणखी वाढेल, अजिबात घेऊ नकोस." त्या भीतीने मी दूध, दही, नाचणीची भाकरी, सगळं बंद केलं. पाकिटं फ्रीजवर पडून आहेत. मुलगा म्हणतो, डी कमी आहे म्हणूनच पीटीएच वाढलंय, डी भरलं की ऑपरेशन लागणारच नाही. मी कुणाचं ऐकू?
— एक वाचक, वाई

उत्तर: ताई, आज संध्याकाळपासून दूध सुरू करा. बाकीचं सविस्तर सांगते, पण ते आधी करा. नाचणीची भाकरीही करा. रोजच्या जेवणातून साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं, म्हणजे दोन कप दूध, वाटीभर दही आणि नेहमीचं जेवण. तुमच्या आजारात रक्तातलं कॅल्शियम वाढतं ते दुधामुळे नव्हे. उलट जेवणातलं तोडलं की ती ग्रंथी आणखी जोर करते आणि तेवढं कॅल्शियम हाडांतून काढते. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र स्वतःहून सुरू करू नका. ते वेगळं आहे.

आता तिघांचं म्हणणं घेऊ. भाच्याची भीती अर्धी खरी आहे. मुलाचं म्हणणं तुमच्या बाबतीत चूक आहे. डॉक्टरांनी 'ड' द्यायचं ठरवलं ते बरोबर, पण मात्रा मला जास्त वाटते, आणि मधे कॅल्शियम तपासायला सांगितलेलं तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही.

तुम्ही वाईच्या, म्हणजे धोमचं धरण आणि कालवा तुमच्या ओळखीचा. हाडं म्हणजे धरण. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम तिथे साठलेलं असतं. रक्त म्हणजे कालवा, त्यात पाणी ठरावीक पातळीला खेळतं राहावं लागतं, नाहीतर स्नायू आणि नसा नीट चालत नाहीत. पॅराथायरॉइडच्या चार ग्रंथी म्हणजे पाटकरी, धरणाचं दार उघडणारे-लावणारे. प्रत्येकीचा आकार तांदळाच्या दाण्याएवढा. कालव्याची पातळी उतरली की त्या पीटीएच सोडतात, दार उघडतं. पातळी भरली की दार बंद. आणि 'ड' जीवनसत्त्व म्हणजे पाऊस. आतड्यातून नवं कॅल्शियम आत येतं ते त्याच्या जोरावर.

तुमच्या चार पाटकऱ्यांपैकी एक बिघडला आहे. कालवा काठोकाठ भरलाय तरी त्याने दार उघडंच ठेवलंय. या आजाराला प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. त्यात तुमच्याकडे पाऊसही नाही. धरण दोन्हीकडून रिकामं होतंय. मांड्यांचा ठणका, खालून उठताना लागणारा टेकू, एसटीच्या पायरीची अडचण हे सगळं या दोन आजारांनी मिळून केलंय. 'ड' फार कमी असलं की हाडं मऊ पडतात आणि मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. पीटीएच फार असलं की हाडं पोखरली जातात. तुमच्या एकाच देहात दोन्ही चाललंय, म्हणून तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा त्रास जास्त आहे. "वय झालं" म्हणणाऱ्यांनी तुमची दोन वर्षं घालवली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ५६ हे एसटीची पायरी न चढता येण्याचं वय नाही.

मुलाला हे नीट समजावून सांगा. नुसतं 'ड' कमी असलं तरी पीटीएच वाढतं, हे अगदी खरं. पण तेव्हा रक्तातलं कॅल्शियम कमी असतं किंवा बेताचं असतं. शहाणा पाटकरी कोरड्या कालव्यासाठी दार उघडतो. ११.३ कॅल्शियम असताना २१२ पीटीएच, याचा दोष पावसावर टाकता येत नाही.

गंमत म्हणजे मुलासारखाच समज शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांचा होता. हाडं खराब होतात म्हणून भरपाई करायला ही ग्रंथी वाढते, असं ते मानत. व्हिएन्नात फेलिक्स मांडल नावाच्या सर्जनकडे एक ट्राम कंडक्टर आला, हाडं इतकी झिजलेली की मांडीचं हाड मोडलेलं. मांडलने आधी त्याच समजुतीने उपचार केले. ग्रंथीचा अर्क दिला, अपघातात गेलेल्या माणसाची पॅराथायरॉइड त्याच्या अंगात बसवली. काहीच फरक पडला नाही. मग १९२५ साली त्याने गळा उघडला, वाढलेली ग्रंथी काढून टाकली, आणि त्या माणसाचं दुखणं ओसरून तो पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी त्याचा आजार उलटला, ते दुर्दैव. पण ग्रंथी हे कारण आहे आणि हाडं हा परिणाम, हे त्या ऑपरेशनने दाखवून दिलं. तुमच्या घरात आज तोच वाद चालू आहे.

मग या आजारात 'ड' इतकं कमी का सापडतं? एक कारण आपल्या सगळ्यांचं: घरात किंवा ऑफिसात दिवस, सावळी त्वचा, अंगभर कपडे, आहारात 'ड' जवळजवळ नाही. दुसरं कारण या आजाराचं स्वतःचं. रक्तात साठ्याचं 'ड' असतं आणि मूत्रपिंड त्यातून कामाचं, जोरदार 'ड' तयार करतं. पीटीएच वाढलं की हे रूपांतर भराभर होतं आणि साठाही लवकर मोडतो. म्हणजे आजारच साठा खातो. आणि साठा संपला की बिघडलेली ग्रंथी आणखी चेकाळते. अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या सुधाकर राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हेच मांडलं: ज्यांचं 'ड' कमी, त्यांच्या गळ्यातून निघालेल्या गाठी वजनाने मोठ्या. पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुतेक वेळा नेहमीच्या रक्ततपासणीत, काही त्रास नसतानाच सापडतो. आपल्याकडे मात्र तो मोडलेली हाडं, मुतखडे आणि मोठ्या गाठी घेऊन समोर येतो. तपासणी उशिरा होते हे एक कारण, आणि 'ड'ची उपासमार हे दुसरं, असं मला ठामपणे वाटतं.

यावरून कुणी म्हणेल, "जोरदार 'ड' मोजून बघू या." नको. ती वेगळी आणि महागडी तपासणी आहे, आणि या आजारात ती साधारण किंवा वाढलेलीच येते. ती बघून "डी भरपूर आहे" असं समजणारे लोक मी पाहिलेत. मोजायचं ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजे साठ्याचं 'ड'. तुमचं ८.६ तेच आहे.

आता भाच्याची भीती. पाऊस पडला तर भरलेला कालवा फुटेल ना? सरळ हिशेबाने तसं वाटतं, आणि वर्षानुवर्षं डॉक्टरही या भीतीने 'ड' देत नसत. पण बिघडलेला पाटकरी पूर्ण बहिरा नसतो. 'ड' मिळालं की तोही थोडा नरमतो. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला अशा २१ पेशंटना 'ड' भरून दिलं गेलं, तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्या सगळ्यांचं कॅल्शियम १२ च्या आत होतं. सरासरी कॅल्शियम वाढलं नाही, पीटीएच सुमारे पाव हिश्शाने उतरलं. एकदोघांच्या लघवीतलं कॅल्शियम मात्र वाढलं, ते विसरायचं नाही. पुढे डेन्मार्कमध्ये ४६ पेशंटना ऑपरेशनच्या आधी सहा महिने रोज २८०० युनिट किंवा खोटी गोळी दिली. २०१४ साली निष्कर्ष आले. 'ड' मिळालेल्यांचं पीटीएच उतरलं, मणक्याच्या हाडाची घनता थोडी सुधारली, रक्तातलं कॅल्शियम वाढलं नाही. २०२२ मध्ये या आजाराच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही 'ड' ३० च्या वर न्या असंच सांगितलंय.

तेव्हा 'ड' घ्यायचं. कसं घ्यायचं ते महत्त्वाचं.

मी तुमच्यासारख्या पेशंटना साधं 'ड', म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल, देते, रोज १००० ते २००० युनिट, जेवणानंतर. कॅल्शियम दोन ते चार आठवड्यांत पुन्हा, त्याच लॅबमध्ये, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासकट. साठ हजारांची पाकिटं आठवड्याला एक, ही पद्धत नुसतं 'ड' कमी असलेल्या माणसाला चालते. या आजारातही काही तज्ज्ञ ती देतात, ऑकलंडच्या अभ्यासातही पहिला महिना आठवड्याला ५० हजारच दिले होते. म्हणून तुमच्या डॉक्टरांवर रागावू नका. पण तिथे पेशंटवर सतत नजर होती. गावात राहून आठ पाकिटं संपेपर्यंत एकदाही रक्त तपासायचं नाही, हे मला मान्य नाही. कॅल्शियम १२ च्या वर गेलं, किंवा उलट्या, फार तहान, सारखी लघवी, गुंगी, बरळणं यातलं काही दिसलं तर 'ड' थांबवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं.

'ड'चं सहा लाख युनिटचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. मी शिकत असताना रात्रपाळीला एक चाळिशीची बाई आणली होती, ऊसतोडीला जाणारी. "हाडं दुखतात" म्हणून तिला कुठेतरी ते इंजेक्शन दिलं होतं, दोनदा, पंधरा दिवसांच्या अंतराने. कॅल्शियम कुणी बघितलंच नव्हतं. आमच्याकडे आली तेव्हा १४.८. नवऱ्याला ओळखत नव्हती, जीभ कोरडीठाक. तीन दिवस सलाइन आणि औषधं चालली. पुढे गळ्यातली गाठ निघाली आणि ती चालत घरी गेली. पण तो पहिला रात्रभराचा पहारा मी विसरलेले नाही. एकदा सुईने आत गेलेलं 'ड' परत काढता येत नाही, ते महिनोन्‌महिने चरबीत राहतं.

आणखी एक: अल्फाकॅल्सिडॉल किंवा कॅल्सिट्रिऑल अशी नावं असलेल्या गोळ्या म्हणजे तयार, जोरदार 'ड'. कॅल्शियमच्या गोळीत मिसळूनही त्या मिळतात. ऑपरेशनआधी त्या तुमच्यासाठी नाहीत. पाकिटावरचं बारीक अक्षर भाच्याकडून वाचून घ्या, त्याच्या शिक्षणाचा तिथे खरा उपयोग आहे. आणि तुमची रक्तदाबाची गोळी असेल तर तिच्या नावापुढे 'एच' अक्षर आहे का तेही बघायला सांगा. त्यात लघवी वाढवणारं जे औषध असतं ते रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. असेल तर डॉक्टरांना विचारून बदलून घ्या, स्वतःच बंद करू नका.

आता ऑपरेशन. 'ड' भरल्याने ते टळणार नाही, आणि टाळू नका. तुमचं कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा एकाहून जास्त अंकाने वर आहे, मुतखडे झालेत, हाडं दुखतायत. यातलं एकेक कारणसुद्धा पुरेसं आहे. त्याआधी हाडांच्या घनतेची तपासणी कराल तेव्हा मनगटाचीही करा असं सांगा. कंबर आणि मणका एवढंच बहुतेक ठिकाणी करतात, पण हा आजार पहिला घाव घालतो तो मनगटाजवळच्या घट्ट हाडावर. सर्जन असे निवडा ज्यांचा हात या ऑपरेशनवर बसलेला आहे. "वर्षात किती करता?" हे विचारायला लाजू नका, चांगला सर्जन त्याने दुखावत नाही.

ऑपरेशनला अजून काही आठवडे असतील तर तेवढ्यात 'ड' भरून घेण्याचा एक मोठा फायदा आहे. गाठ निघाली की पीटीएच एकदम खाली येतं, दार बंद होतं, आणि वर्षानुवर्षं उपाशी राहिलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखं ओढून घेतात. 'ड' कमी असलेल्यांना हे जास्त होतं. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हातपाय वळतात. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. तोपर्यंत पेशंट घरी आलेला असतो आणि घरातले म्हणतात, "थकवा असेल." थकवा नसतो. तेव्हा मात्र कॅल्शियमच्या गोळ्या लागतात, कधी त्या जोरदार 'ड'च्याही. घरी सोडताना किती, केव्हा घ्यायच्या आणि मुंग्या आल्या तर कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून मागा.

ताई, तुम्हाला इतकं लांबलचक सांगते आहे त्यामागे माझी मावशी आहे. कराडला असायची. मी नुकती प्रॅक्टिस सुरू केली होती. तिचं कॅल्शियम १०.१, पीटीएच १४८, 'ड' ६. मी रिपोर्ट बघून म्हणाले, "काही नाही गं, डी कमी आहे, एवढंच." पावडर लिहून दिली. पाच महिन्यांनी तिला बद्धकोष्ठ, तहान, रात्री चारदा उठणं. कॅल्शियम ११.५. घरात सगळ्यांचं एकमत झालं की हिच्या औषधाने वाढलं, आणि दोन दिवस मलाही तसंच वाटत राहिलं. नंतर चिंचोक्याएवढी गाठ निघाली, कॅल्शियम ९ वर आलं, आणि कुळिथाचं पिठलं करून तिने मला जेवायला बोलावलं. 'ड'ने आजार केला नव्हता. 'ड'च्या अभावाने तो झाकला होता, पाऊस आल्यावर उघडा पडला. ज्या बाईचं 'ड' ६ आहे तिचं कॅल्शियम साडेआठ-नऊच्या आसपास असायला हवं. १०.१ बघूनच मी थबकायला हवं होतं. आणि पुन्हा कधी तपासायचं ती तारीख मी चिठ्ठीवर लिहिलीच नव्हती. तेव्हापासून 'ड'ची एकही चिठ्ठी मी तारखेशिवाय देत नाही. तुम्हीही तारीख लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.

प्रश्न: मी ३८ वर्षांचा आहे, चिपळूणला बँकेत नोकरी करतो. थकवा येतो म्हणून फुल बॉडी चेकअप केलं. पीटीएच ११८, व्हिटॅमिन डी ११, कॅल्शियम ९.१, क्रिएटिनिन नॉर्मल. लॅबवाल्यांनीच फोन करून सांगितलं की पॅराथायरॉइडचा स्कॅन करून घ्या. इंटरनेटवर वाचलं आणि झोप उडाली. मला गाठ आहे का?

उत्तर: वरच्या पत्रातली ताई आणि तुम्ही, दोघांचं पीटीएच वाढलंय, दोघांचं 'ड' कमी, पण तुमचं कॅल्शियम ९.१ आहे. तुमच्याकडे कालवा बेताचा आहे म्हणून शहाण्या पाटकऱ्याने दार उघडलंय. गाठ असण्याची शक्यता फार कमी. आत्ता स्कॅन करू नका. तो स्कॅन आजार आहे की नाही हे ठरवायला नसतो. आजार ठरल्यावर, सर्जनने गळा कुठे उघडायचा ते कळायला असतो. विनाकारण केला तर थायरॉइडमधली एखादी निरुपद्रवी गाठ दिसेल आणि तुमची आणखी सहा महिने झोप जाईल.

तुम्हाला 'ड'ची आठवड्याची पाकिटं चालतील, तुमच्या डॉक्टरांना विचारून. तीन महिन्यांनी कॅल्शियम, 'ड' आणि पीटीएच एकत्र तपासा. पीटीएच खाली आलेलं असेल तर विषय संपला. 'ड' ३० च्या वर जाऊनही पीटीएच चढंच राहिलं, किंवा कॅल्शियम १०.२-१०.५ कडे सरकलं, तर हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. काही यंत्रांवर तिच्यामुळे पीटीएच खोटं कमी आणि 'ड' खोटं जास्त दिसतं. आणि तुम्ही चिपळूणचे आहात, बांगडा आणि तारली खात असाल तर खात राहा. 'ड' असलेले जे थोडे पदार्थ आपल्याकडे आहेत, त्यात ते येतात.

प्रश्न: मी मस्कतला असते. आई नागपूरला, वय ६३. पाच महिन्यांपूर्वी तिचं पॅराथायरॉइडचं ऑपरेशन झालं. आता कॅल्शियम ९.०, पण पीटीएच पुन्हा ९६! ऑपरेशन फसलं का? पुन्हा गळा उघडावा लागेल का? आई खूप घाबरली आहे. डी १४ आहे, ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

उत्तर: आईला आजच फोन करून सांगा की ऑपरेशन फसल्याचं यातून दिसत नाही. यश मोजतात ते रक्तातल्या कॅल्शियमवरून, सहा महिन्यांनी ते नॉर्मल असलं की बरं झालं असं धरतात. त्यांचं ९.० आहे, छानच आहे. ऑपरेशननंतर कॅल्शियम ठीक आणि पीटीएच थोडं चढं, हे बऱ्याच जणांत दिसतं. उरलेल्या तीन ग्रंथी ठणठणीत आहेत आणि 'ड' १४ असल्यामुळे त्या आपलं काम करतायत. तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत तेच यात मुख्य आहे. 'ड' नीट भरा, जेवणातलं कॅल्शियम पुरेसं आहे ना ते बघा, क्रिएटिनिन एकदा तपासा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा कॅल्शियम-पीटीएच करा. त्यानंतर दर वर्षी एकदा कॅल्शियम. मागचे सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने ठेवायला आईला सांगा.

प्रश्न: पॅराथायरॉइडच्या आजारामुळे औषधाची भीती वाटते, म्हणून मी रोज सकाळी सात वाजता गच्चीवर अर्धा तास कोवळं ऊन घेतो. तरी डी १२ च्या वर जात नाही. वय ६७, लातूर.

उत्तर: काका, कोवळ्या उन्हाने मन प्रसन्न होतं, ते चालू ठेवा. पण 'ड' बनवणारे किरण सकाळी सातला जमिनीपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. त्यासाठी अकरा ते दोनचं ऊन लागतं, हातपाय उघडे, काचेआडून नाही. लातूरच्या उन्हाळ्यात ६७ व्या वर्षी ते मी तुम्हाला सांगणार नाही. हिवाळ्यात दहा-पंधरा मिनिटं बसा. उन्हातून 'ड' गरजेपेक्षा जास्त होत नाही, जास्तीचं त्वचेतच मोडतं, तेव्हा त्या बाजूने निर्धास्त राहा. मात्र वयाबरोबर त्वचेची 'ड' बनवायची ताकद कमी होते, म्हणून तुम्हाला नुसतं ऊन पुरणार नाही. रोज १००० युनिटची गोळी घ्या आणि तीन आठवड्यांनी कॅल्शियम बघा. तुमचं आत्ताचं कॅल्शियम किती ते पत्रात लिहिलेलं नाही. ते १२ च्या वर असेल तर गोळी सुरू करू नका, आधी डॉक्टरांकडे जा.